कडधान्य श्रेष्ठ की पालेभाजी?

राखेचा बुधवार झाला की आपल्या घरांतून स्वयंपाकाची तऱ्हा बदलते. शुक्रवारी तर मांसाचे पातेले चुलीवर चढतच नाही, आणि कित्येक घरांत संपूर्ण उपवासकाळ मटण-कोंबडी बंद असते. मग डब्यातली मसूर बाहेर निघते, अळसांदे म्हणजे आपली चवळी भिजत पडते, कुळथाचे सार होते, आणि परसातली तांबडी भाजी कापली जाते. या दिवसांत कडधान्य आणि पालेभाजी हीच आपल्या ताटातली दोन मुख्य माणसे. त्यांच्यापैकी थोरला कोण, हा वाद मात्र जुना आहे.

गेल्या रविवारी मिस्सा संपल्यावर एका आईने हाच प्रश्न विचारला, आणि तो नुसता वादाचा नव्हता. तिची मुलगी पंधरा वर्षांची. जिना चढताना धाप लागते, अभ्यासाला बसली की डोळे मिटतात. रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन नऊ निघाले. या वयाच्या मुलीचे ते बारा तरी असायला हवे. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. घरी आल्यावर शेजारीण म्हणाली, पालक दे, पालकात लोखंड असते. सासूबाई म्हणाल्या, पालापाचोळ्याने काय होते, मसूर दे. "सिस्टर, नक्की काय देऊ ते तुम्हीच सांगा," असे ती म्हणाली. दोन मिनिटांत उत्तर देता आले नाही, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे. भारतात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी १०० मध्ये ५७ जणींना रक्तक्षय असल्याचे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले. तेव्हा हा प्रश्न एका घरचा नाही.

या वादाला पवित्र शास्त्रातही एक गमतीदार जागा आहे. दानिएल आणि त्याच्या तीन सोबत्यांनी राजाचे पक्वान्न नाकारून दहा दिवस साधे अन्न व पाणी घेतले, आणि ते इतरांपेक्षा तजेलदार दिसले, ही कथा आपण ऐकलेली आहे. ते साधे अन्न कोणते? मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ 'पेरून उगवलेले' असा काहीसा आहे. जुन्या इंग्रजी भाषांतरकारांनी त्याचे 'कडधान्य' केले, नव्यांनी 'भाजीपाला' केले. म्हणजे विद्वानांनाही निवड करता आली नाही! एसावाने आपला ज्येष्ठत्वाचा हक्क विकला तो मात्र मसुरीच्याच आमटीसाठी, यात दुमत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. दोन वस्तूंची तुलना करताना आपण पहिली चूक तराजूत करतो. कडधान्य आपण कोरडे तोलतो आणि भाजी ओली. कोरड्या मसुरीत पाणी शंभर भागांत दहा भाग, तर पालकात नव्वदीच्या आसपास. मग १०० ग्रॅम मसुरीत प्रथिने २२ ते २४ ग्रॅम आणि १०० ग्रॅम पालकात दोनच, असे आकडे वाचून पालक बिचारा अगदीच दुबळा वाटतो. पण जेवताना कोणी १०० ग्रॅम कोरडी मसूर खात नाही. एका माणसाच्या वाटणीला येते ती ३० ग्रॅमची आमटी किंवा उसळ. पालेभाजी मात्र एक माणूस १०० ग्रॅम सहज खातो. चुलीवर ठेवली की ती आक्रसून मूठभर होते, हे कोणत्याही गृहिणीला सांगायला नको. तेव्हा तुलना करायची ती एका वाटी उसळीची आणि मूठभर शिजलेल्या भाजीची.

तशी तुलना केली तर प्रथिनांत कडधान्य पुढे राहतेच. मसूर, मूग, चवळी, कुळीथ यांपैकी कोणतेही ३० ग्रॅम घेतले तरी सहा-सात ग्रॅम प्रथिने मिळतात. तेवढ्याच जेवणात माठाची भाजी तीन ग्रॅम देते, पालक दोन. फक्त शेवग्याचा पाला सहापर्यंत जातो, पण १०० ग्रॅम शेवग्याचा पाला ओरबाडून निवडायला घरात दोन पोरे हाताशी लागतात. अंग वाढवणे, झिजलेले भरून काढणे ही कामे प्रथिनांची, आणि त्या बाबतीत सासूबाई बरोबर आहेत. शिवाय कडधान्याची एक खुबी अशी की ते भाताची उणीव भरून काढते. भातात आणि ज्वारीत लायसिन नावाचा प्रथिनाचा घटक कमी असतो, तो कडधान्यात भरपूर. कडधान्यात मेथिओनिन कमी, ते धान्यात बरे असते. म्हणून पेजेबरोबर अळसांदे, भाकरीबरोबर मसुरीची उसळ, ही जोडी आपल्या आज्यांनी कोणतेही पुस्तक न वाचता जमवली. नुसती पेज आणि लोणचे खाऊन उपवास करणाऱ्यांनी याचा विचार करावा.

आता लोखंडाचे बघू, कारण त्या आईचा प्रश्न खरा तोच आहे. येथे शेजारणीची बाजू ऐकली पाहिजे, आणि तिची चूक कोठून आली तेही पाहिले पाहिजे.

आपल्या देशात कोणत्या अन्नात काय आहे याचे तक्ते हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था तयार करते. १९७०-८० च्या काळात शाळांच्या आणि दवाखान्यांच्या भिंतींवर जे आकडे लावले जात त्यांत १०० ग्रॅम माठात लोह २५.५ मिलिग्रॅम, मेथीत १६.५ आणि पालकात १०.९ असे लिहिलेले असे. आमच्या पिढीतल्या परिचारिकांनी हेच पाठ केले आणि गावोगाव सांगितले. पुढे तपासणीच्या पद्धती सुधारल्या. पाल्यावर माती आणि धूळ बसते, तिच्यात लोह असते, आणि ती नीट निघाली नाही तर तिचे लोहही भाजीच्या नावावर जमा होते. १९८९ च्या सुधारित आवृत्तीत माठ साडेतीनवर, मेथी दोनच्या खाली आणि पालक एकाच्या जरा वर आला. २०१७ साली संस्थेने देशभरातून नमुने घेऊन नवे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांत हिरवा माठ सुमारे साडेचार, मेथी साडेपाचच्या वर आणि पालक तीनच्या आसपास आहे. म्हणजे खरा आकडा जुन्या तक्त्याइतका मोठा नाही, पण अगदी नगण्यही नाही. पालकाची जी कीर्ती झाली ती मात्र त्याच्या लायकीपेक्षा जास्त. आपल्या घराजवळचा माठ त्याच्यापेक्षा सरस आहे आणि त्याचे कोणी नावही घेत नाही.

कडधान्यात १०० ग्रॅमला मूग सुमारे पाच मिलिग्रॅम, चवळी सहाच्या जवळ, मसूर सात आणि कुळीथ आठ-नऊ. पण पुन्हा तोच तराजूचा हिशेब करा. ३० ग्रॅम मसुरीच्या वाटीत लोह दोन मिलिग्रॅम. १०० ग्रॅम माठाच्या भाजीत साडेचार. म्हणजे ताटात बघितले तर भाजी मागे नाही! सासूबाई आणि शेजारीण दोघीही अर्ध्या बरोबर आणि अर्ध्या चुकलेल्या.

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. पोटात गेलेले सगळे लोह रक्तात जात नाही. मांस-मासळीतले लोह शरीर सहज उचलते. धान्य, कडधान्य आणि भाजी यांतल्या लोहाचा बहुधा दहावा हिस्सादेखील अंगी लागत नाही. म्हणूनच २०२० च्या शिफारशीत पुरुषाला रोज १९ आणि स्त्रीला २९ मिलिग्रॅम लोह सांगितले आहे. खरी गरज त्याहून फारच थोडी, पण वाया जाणारे धरून तेवढे खावे लागते. कडधान्यात फायटेट नावाचे द्रव्य असते, ते लोहाला धरून ठेवते आणि सोडत नाही. चहातले कषाय द्रव्यही तेच करते. जेवण झाल्याबरोबर कपभर चहा घेण्याची आपल्याकडची सवय या दृष्टीने फार वाईट आहे. चहा सोडा असे मी म्हणत नाही, आमच्या मठातही कोणी ऐकणार नाही. पण जेवणानंतर निदान एक-दीड तास थांबावे.

उलट 'क' जीवनसत्त्व याच लोहाला सोडवून शरीरात पोहोचवते. वाळलेल्या कडधान्यात ते जवळजवळ नसते. पालेभाजीत असते, कच्च्या माठात १०० ग्रॅमला ८० मिलिग्रॅमच्या आसपास, शेवग्याच्या पाल्यात शंभराच्या वर. पण ते उष्णतेने नासते आणि पाण्यात विरघळते. भाजी चिरून मग धुतली, भरपूर पाण्यात उकडली आणि पाणी मोरीत ओतले, की त्यातले किती उरणार? भाजी आधी धुवावी, मग चिरावी, झाकण ठेवून तिच्याच पाण्यात थोडा वेळ शिजवावी. आणि सगळ्यांत सोपा उपाय म्हणजे आमटी-उसळ खाली उतरवल्यावर, पानात वाढताना वरून लिंबू पिळावे. पातेल्यात उकळताना पिळलेल्या लिंबाचा आंबटपणा राहतो, गुण बराच जातो.

आणखी एक गोष्ट आपल्या दाराशी असून आपण विसरतो. उपवासकाळ आणि काजूचा हंगाम एकाच वेळी येतात. गोव्यात आणि खानापूरच्या बाजूला या दिवसांत काजूची बोंडे झाडाखाली पडून कुजत असतात. या बोंडात 'क' जीवनसत्त्व संत्र्याच्या कित्येक पट असते. सगळीच बोंडे भट्टीला न देता दोन-चार मुलांच्या जेवणात आली तर त्या मुलीच्या मसुरीतले लोह वाया जाणार नाही. घशाला खवखवतात म्हणून मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवून खावीत.

डोळ्यांच्या बाबतीत मात्र स्पर्धाच नाही. 'अ' जीवनसत्त्व ज्यापासून बनते ते कॅरोटिन माठ, पालक, शेवगा, अळू यांत भरपूर आणि कडधान्यात नावाला. गर्द रंगाच्या पानात ते अधिक, कोबीच्या पांढऱ्या पानात नाही. पण कॅरोटिन तेलाशिवाय अंगात शिरत नाही. गोव्यात तांबड्या भाजीवर ओले खोबरे घालतात, ती नुसती चव नव्हे. नुसत्या पाण्यात उकडलेली भाजी आजाऱ्याला पथ्य म्हणून देतात, तिचा हा उपयोग अर्धा वाया जातो. चमचाभर तेलाची फोडणी द्यावी.

चुन्याचे, म्हणजे कॅल्शियमचे, थोडे गुंतागुंतीचे आहे. १०० ग्रॅम माठात ते सुमारे ३३० मिलिग्रॅम, मेथीत २७५ च्या जवळ. वाटीभर मसुरीच्या उसळीत २५ सुद्धा नाही. कडधान्यांत एकटा कुळीथ बरा. पण माठ आणि पालक यांत ऑक्झॅलिक आम्ल पुष्कळ असते आणि ते कॅल्शियमला बांधून टाकते. पालकातल्या शंभर भागांपैकी पाचच्या आसपास भाग अंगी लागतात, दुधातले मात्र तीसच्या आसपास. मेथीत हे आम्ल अगदी थोडे, शेवग्याच्या पाल्यात मध्यम. म्हणून हाडांसाठी मेथी आणि शेवगा, डोळ्यांसाठी माठ आणि अळू, असे आलटून पालटून करावे. ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांनी पालक-माठ रोज खाऊ नये, आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असलेल्यांनी पालेभाजी एकदम वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

एका बाबतीत दोघेही सारखेच मोठे आहेत. ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरबाई १९२८ साली मुंबईला आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरीब गरोदर बायांना एक प्रकारचा रक्तक्षय होत असे, त्याचे कारण त्यांनी शोधले. यीस्टच्या स्वस्त अर्काने त्या बाया बऱ्या होतात हे त्यांनी १९३१ मध्ये जगापुढे मांडले. त्या अर्कातले गुणकारी द्रव्य पुढे १९४१ साली अमेरिकेत टनावारी पालकातून वेगळे काढले गेले आणि पानाच्या लॅटिन शब्दावरून त्याचे नाव फॉलिक आम्ल पडले. नाव पानाचे असले तरी हे द्रव्य मूग, मसूर, चवळी, हरभरा यांतही विपुल असते. आज गरोदर बाईला लोहाबरोबर हीच गोळी देतात. नव्याने लग्न झालेल्या मुलींनी दोन्ही अन्ने ताटात ठेवावीत, कारण बाळाच्या पाठीचा कणा बनतो तो दिवस राहिल्याचे कळण्यापूर्वीच्या आठवड्यांत.

कडधान्य आणि पालेभाजी यांच्यामधली एक पायरी आहे, ती म्हणजे मोड. पहिल्या महायुद्धात इराकमधील कूत शहरात डिसेंबर १९१५ पासून एप्रिल १९१६ अखेरपर्यंत हिंदी सैन्य वेढ्यात अडकले. त्यांत मराठा पलटणीही होत्या, आणि त्यांचा वारसा चालवणाऱ्या मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आज आपल्या बेळगावातच आहे. ताजी भाजी मिळेना, आणि शिपायांना स्कर्व्ही झाला, हिरड्या सुजून रक्त वाहू लागले. हा रोग 'क' जीवनसत्त्वाच्या अभावाचा. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि एलन डेल्फ या दोघी शास्त्रज्ञ बायांनी कोरडे दाणे आणि मोड आलेले दाणे यांची गिनीपिगांवर तुलना केली आणि १९१९ मध्ये लिहिले की कोरड्यात नसलेला गुण मोड आलेल्यात येतो. आपल्या घरी फडक्यात बांधून मूग-मटकीला मोड आणण्याची रीत केवढी शहाणी आहे ते यावरून कळावे. मोडांनी फायटेटही कमी होते, म्हणजे लोह सुटे होते. मात्र मोड आलेली उसळ फार वेळ रटरटू देऊ नये.

कडधान्य खाल्ले की पोट फुगते, अशी तक्रार असते ती खरी आहे. त्यातली काही साखर आपल्या आतड्यात पचत नाही, तेथील जंतू ती खातात आणि वायू होतो. रात्रभर भिजवून ते पाणी टाकून द्यावे, मोड आणावेत, आणि सवय नसलेल्याने थोड्यापासून सुरुवात करावी. राजमा मात्र जपून शिजवावा. त्यात एक विषारी द्रव्य असते, ते नीट खळखळून उकळल्यावरच नाहीसे होते. अर्धकच्चा राजमा खाऊन उलट्या झालेली माणसे दवाखान्यात येतात.

शेतीच्या बाजूने पाहिले तर दोघांचे स्वभाव निराळे. बेळगाव भागात भात निघाल्यावर काळ्या जमिनीतल्या ओलीवर मसूर होते, गोव्यात भाताच्याच खाचरांत अळसांदे. थंडीचे दव पुरते, पाणी फारसे लागत नाही. कडधान्याच्या मुळांवर गाठी असतात, त्यांतले जंतू हवेतला नत्र धरून जमिनीत आणतात आणि पुढच्या पिकालाही त्याचा लाभ होतो. दाणे वाळवून ठेवले तर वर्षभर टिकतात. पालेभाजीला रोज पाणी हवे आणि ती दोन दिवसांत सुकते. पण माठ पेरल्यापासून तीन-चार आठवड्यांत काढायला येतो, आणि विहिरीजवळचा दोन वावांचा वाफा एका घराला पुरतो. शेवग्याची एक फांदी कुंपणात खोचली की वर्षानुवर्षे पाला मिळतो. शहरात राहणाऱ्यांनी गटाराच्या पाण्यावर वाढलेल्या भाजीपासून सावध असावे, आणि कोठलीही भाजी तीन पाण्यांतून धुवावी. हरभरा लावणाऱ्यांनी कोवळे शेंडे खुडून त्यांची भाजी करावी. झाड कडधान्याचे आणि पान पालेभाजीचे, असा दोन्हीचा मेळ एकाच रोपात बसतो.

दोघांतही नसलेली एक गोष्ट आहे, ती म्हणजे 'ब-१२' जीवनसत्त्व. ते दूध, दही, अंडी, मासे यांतूनच येते. चाळीस दिवस मांस सोडल्याने काही बिघडत नाही, पण उपवासाच्या नावाखाली मुलांचे दूधही बंद करू नये. त्याची कमतरता झाली तरी रक्त कमी होते, आणि लोहाच्या गोळ्यांनी ते भरत नाही.

आता त्या आईला माझे उत्तर. पहिले म्हणजे गोळ्या बंद करू नका. नऊवर आलेले रक्त एकट्या भाजीने किंवा एकट्या आमटीने बारावर जात नाही. अन्नाचे काम ते पुन्हा खाली येऊ न देण्याचे. डॉक्टरांनी सांगितलेले महिने पुरे करा, आणि जंताचे औषध दिले नसेल तर त्याबद्दल विचारा. गोळीने शौच काळे होते, त्याला घाबरू नका. दुपारच्या डब्यात भाकरीबरोबर मसुरीची किंवा मोडाच्या मुगाची उसळ द्या आणि एक लिंबाची फोड वेगळी कागदात बांधा, ती मुलीने खाताना पिळावी. रात्री भाताबरोबर आमटी आणि मूठभर तांबडी भाजी, खोबरे घातलेली. मेथी आणि शेवगा आठवड्यातून दोनदा. जेवणानंतरचा चहा तिला नको. परसात काजूचे झाड असेल तर शाळेतून आल्यावर तिला एक बोंड द्या. दोन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासून तो कागद घेऊन मला भेटा, आणि सासूबाईंनाही बरोबर आणा.